पाला तिचा, कंद माझा

नोव्हेंबर संपत आला की सिंगापुरात दुपारी तीनच्या सुमाराला आभाळ असं काही भरून येतं की ऑफिसातले दिवे एकदम जास्तच पांढरे दिसायला लागतात. मग धो धो. तासाभरात सगळं आटोपतं, आणि क्लेमेंटीच्या आमच्या ब्लॉकमागच्या बागेत टॅपिओकाच्या शेंड्यांना नवी पानं फुटतात. कोवळी, जांभळट, देठ लालभडक. काल बसमधून उतरले ती सरळ घरी न जाता तिकडेच गेले. छत्री काखेत धरली आणि पहिला शेंडा खुडला. खुडल्या जागी पांढरा चीक आला आणि सहा वर्षांपूर्वीची ती शाळेची लांबलचक सुट्टी आठवली. त्या सुट्टीत मी एका म्हाताऱ्या बाईवर जळत होते.

लोक याला हेवा म्हणतात. हेवा हा फार सोज्ज्वळ शब्द झाला. देवघरापाशी बसूनसुद्धा बोलता येईल असा. माझा जळफळाट होता. अंगाचा नुसता तिळपापड. आणि निमित्त काय, तर झाडाचा पाला! पुण्यात कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. इथेही कुणाला सांगितलं नाही, आज लिहिते आहे.

टॅपिओका म्हणजे आपला साबुकंद, ज्याचा साबुदाणा होतो तो. हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या लेखी साबुदाणा वाण्याच्या पोत्यात उगवायचा. बाजारात एकदा ते मातकट, सोटासारखे कंद दिसले, विकणाऱ्याने 'टॅपिओका' म्हणून सांगितलं, आणि मी तिथे भाजीची पिशवी घेऊन वेड्यासारखी उभी राहिले. इतकी वर्षं उपवासाला जे खाल्लं ते जमिनीत असं दिसतं होय! त्याच वर्षी ब्लॉकमागच्या बागेत मला एक वाफा मिळाला होता. मी महाशिवरात्रीला चार कांड्या तिरप्या खोचल्या. मनात हिशेब साधा होता, की पुढच्या महाशिवरात्रीला घरच्या कंदाचा कीस करायचा. तूप, जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट. नवरा हसला. तो तेव्हा कामानिमित्त अर्धा महिना जकार्तात असायचा आणि उरलेला अर्धा महिना माझ्या बेतांना हसायचा.

कांड्यांना कोंब आले, झाडं माझ्या खांद्याला लागली. पानं मोठी देखणी. पाच-सात बोटं पसरलेल्या पंजासारखी. त्या पानांकडे मी शोभा म्हणूनच बघत होते. खायची वस्तू खाली मातीत आहे एवढंच मला ठाऊक.

एका शनिवारी सकाळी खाली उतरले तर रोहाना मकचिक माझ्या वाफ्यात उभी. मकचिक म्हणजे मलेत मावशी. आमच्याच मजल्यावर दोन दारं सोडून राहते आणि सगळा ब्लॉक तिला मकचिकच म्हणतो. पासष्टीची, ठेंगणी, डोक्यावर फुलाफुलांचा रुमाल घट्ट बांधलेला. एका हातात प्लास्टिकची पिशवी, दुसऱ्या हाताने माझ्या झाडांचे शेंडे टपाटपा खुडत होती. मला बघून दचकणं नाही, ओशाळणं नाही. "रेवा मम्मी! गुड मॉर्निंग! युवर ट्री व्हेरी नाइस लीफ!" इथे मुलाच्या नावावरून आईला हाक मारतात. रेवा माझी मुलगी, म्हणून मी रेवा मम्मी.

मी म्हटलं, "मकचिक, हे माझं झाड आहे." आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालतं, ते मी आपल्या भाषेत लिहिते.

"हो, तुझंच की," ती म्हणाली. "कंद तुझा. पाला काय, ज्याला लागेल त्याने घ्यावा. आमच्या कांपोंगमध्ये कुंपणावरचा पाला कुणी विचारून नाही तोडला." कांपोंग म्हणजे तिचं जुनं गाव, जिथे आता उंच इमारती आहेत. मग तिने सांगितलं की कंद तिच्या घरात कुणी तोंडात घालत नाही. जपानी लोकांच्या राज्यात तांदूळ मिळेना तेव्हा तिच्या आईने सकाळ-संध्याकाळ टॅपिओकाच खाल्ला होता. पुढे जन्मभर तिला त्याचा वाससुद्धा सहन होईना. पाला मात्र ती शेवटपर्यंत आवडीने खायची. "कंद म्हणजे भूक," मकचिक म्हणाली, "पाला म्हणजे भाजी."

घरी येऊन फोनवर वाचलं, तर पाला फार तोडला की कंद बारीक राहतात असं लिहिलेलं. झालं. माझ्या डोक्यात तेवढंच बसलं.

तेव्हा रेवा तेरा वर्षांची होती. शाळेला सुट्टी लागली, मी बँकेत, नवरा जकार्तात. मुलगी दिवसभर एकटी फ्लॅटमध्ये, हातात फोन. मकचिकनेच एकदा लिफ्टमध्ये विषय काढला, की पाठव तिला माझ्याकडे, मलाही सोबत होईल. तिची स्वतःची मुलगी लग्न होऊन पर्थला गेलेली. मी आभार मानले, वरून चॉकलेटचा डबा दिला. किती शहाणी होते मी!

चौथ्या-पाचव्या दिवशी रेवा घरी आली तर अंगाला नारळाच्या दुधाचा आणि गवती चहाचा वास. "आई, मकचिकचं पुचुक उबी, ओ माय गॉड, सो शिओक!" टॅपिओकाच्या कोवळ्या पाल्याची भाजी. नारळाच्या दुधात रटरटवलेली, सुकट घातलेली. शिओक म्हणजे इथल्या पोरांच्या तोंडी 'झकास'. ही माझी मुलगी, जी मेथीच्या पराठ्यातून मेथीचं पान न् पान नखाने टोकरून ताटाच्या कडेला रांगेत लावायची. पालक म्हटलं की हिच्या पोटात ढवळायचं. अळूच्या फदफद्याला ती 'ग्रीन मड' म्हणायची. आणि हिने मकचिककडे दोनदा मागून घेतलं होतं.

मी म्हटलं, "जेवायला बस, आमटी गरम केलीये."

"नॉट हंग्री, आई."

बस. तिथे काहीतरी चरचरलं.

मग रोज काही ना काही ऐकू येऊ लागलं. मकचिक म्हणते शेंड्यापासून तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंतच घ्यायचं, खालचं जून असतं. मकचिक म्हणते देठ असा खाली ओढून सोलायचा. मकचिककडे दगडी खलबत्ता आहे, त्यात मी पाला कुटला, हे बघ हात हिरवे झाले. मकचिककडे ती जमिनीवर मांडी घालून बसायची म्हणे. आमच्या घरी सत्यनारायणाला पाच मिनिटं मांडी घाल म्हटलं तर हिचे पाय झोपायचे! मी रोज सहाच्या आत यायचे, पण एक दिवस लवकर सुटले, कॉरिडॉरमधून येताना मकचिकच्या जाळीपाशी थबकले. आतून रेवाचं हसणं ऐकू येत होतं. नुसतं हसणं नव्हे, खिदळणं, लहानपणी गुदगुल्या केल्यावर हसायची ना, तसं. आणि दाराबाहेर तिच्या चपला. जोडीने, भिंतीशी, नीट लावून ठेवलेल्या. आमच्या दारात त्या चपला एक पूर्वेला, एक पश्चिमेला असतात. मी त्या चपलांकडे बघत उभी राहिले, मग घरी जाऊन एकटीने चहा केला आणि तो ओतून दिला.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, चांगलंय की! कुणीतरी माया करतंय पोरीवर, खूश हो ना." मी फोन कट केला. माया करायला मी मेले होते का?

आता पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. एका शुक्रवारी ऑफिसला जायच्या आधी मी खाली गेले आणि चारही झाडांचे सगळे शेंडे ओरबाडले. सगळे. एक पान शिल्लक ठेवलं नाही कोवळं. मकचिकला मिळू नयेत म्हणून, दुसरं काही कारण नाही. भरलेली पिशवी फ्रिजमध्ये कोंबली आणि एम.आर.टी.त, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्यावर विचार केला, आता हिचं करायचं काय? तेव्हा सुचलं. आपण करू की भाजी. मकचिक नारळाच्या दुधात बुडवते, आपण आपल्या पद्धतीने करू. पालेभाजी करायला मला कुणी शिकवायची गरज आहे? आमच्याकडे पालेभाजीला वरून थेंबभर पाणी घालत नाहीत. ती अंगच्या पाण्यात शिजते. फोडणीला भरपूर लसूण, सुकी लाल मिरची, भिजवलेली डाळ, वर झाकण आणि झाकणात पाणी. सात-आठ मिनिटं. वरून दाण्याचं कूट. माझ्या हातच्या अशा भाजीला सगळं सासर नावाजतं.

रविवारी दुपारी केली. मेथीपेक्षा जाड पान, थोडं राठ राहिलं, पण वास छान सुटला होता. चव घेतली तर कडवट. मी म्हटलं, असू दे, कारलं नाही का खात आपण? रेवाचं ताट वाढलं. गरम भाकरी, भाजी, कांदा.

तिने ताटाकडे पाहिलं. "आई, हे पुचुक उबी आहे?"

"हो. आपल्या झाडाचं. खाऊन बघ."

"तू आधी बॉइल केलंस ना?"

"बॉइल कशाला? पालेभाजी आहे ती."

"नो लाह, आई! आधी कुटायचं, मग बॉइल करायचं, झाकण नाही ठेवायचं, आणि ते पाणी फेकून द्यायचं. मग परत. मकचिक ऑलवेज डज दॅट."

"पाणी फेकून द्यायचं? म्हणजे सगळं सत्त्व सिंकमध्ये!"

"सत्त्व व्हॉट? आई, त्यात पॉयझन असतं. मकचिक म्हणाली."

मकचिक म्हणाली! माझ्या कानात घंटाच वाजली. "मकचिक म्हणाली, मकचिक म्हणाली! या घरात आईने सांगितलेलं काही खरं असतं की नाही? तीस वर्षं पालेभाज्या करतेय मी!" आणि मी बसले, भाकरी मोडली आणि खायला लागले. तिच्या डोळ्यांत बघत. एकदा वाढून घेतली, पुन्हा वाढून घेतली. कडू लागत होती, घशाला खवखवत होती, पण त्या क्षणी मी अख्खी कढई संपवली असती.

"आई, स्टॉप! प्लीज, डोंट ईट!" रेवा उठून उभी राहिली. तिने माझं ताट धरलं. मी सोडेना. ती ओढतेय, मी ओढतेय, आणि पोरगी रडायला लागलेली. शेवटी ताट उलटलं. भाजी फरशीवर. "समाधान झालं?" मी तिला म्हटलं. हे वाक्य मला आजही कधीकधी भांडी घासताना आठवतं.

तासा-दोन तासांत डोकं असं ठणकायला लागलं की डोळे उघडवेनात. मग गरगरलं. बाथरूमपर्यंत भिंत धरून गेले, उलट्या झाल्या, हातपाय लुळे. रेवा मकचिककडे धावली हे मला आठवतं, कारण जाताना तिने "आई" अशी एक हाक मारली आणि उत्तराची वाट न बघता गेली. पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. मकचिकचा रुमाल सुटलेला, टॅक्सी, तिने माझं कपाळ दाबून धरलेलं. हॉस्पिटलात डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं, किती खाल्लं, शिजवलं कसं. रेवा सगळं नीट सांगत होती. आणि मकचिक मध्येच म्हणाली, "माय फॉल्ट, डॉक्टर. मुलीला करून घातलं, आईला शिकवलं नाही."

मला इतका संताप आला! चांगुलपणातसुद्धा माझ्यापुढे! मी तिचा पाला तिला मिळू नये म्हणून झाडं बोडकी केली होती, आणि ही बाई दोष स्वतःवर घेत होती. मला ओरडून सांगायचं होतं की दोष माझा आहे, माझा एकटीचा, त्यातही तू हात घालू नकोस. पण तेवढ्यात पुन्हा उलटी आली.

दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं त्यांनी. संध्याकाळी जरा डोळे उघडले तर समोर दोन खुर्च्या. एकीवर मकचिक ताठ बसलेली आणि तिच्या खांद्यावर डोकं टाकून माझी मुलगी झोपलेली. तोंड उघडं, गालावर वाळलेलं पाणी. मकचिक हलत नव्हती, पोरीची झोप मोडेल म्हणून. मरता मरता वाचलेल्या बाईला देव आठवावा, नवरा आठवावा. मला काय वाटलं सांगू? तो खांदा माझा का नाही. सलाईन लावलेला हात घेऊन मी ते बघत पडले.

बरी होऊन घरी आल्यावर मकचिकने मला तिच्या स्वयंपाकघरात उभं केलं. खिडकी उघडी, पातेलं उघडं, पाण्याला उकळी. कुटलेला पाला त्यात, बराच वेळ, पाणी ओतून पुन्हा नवं पाणी. झाकणाला हात लावला तर तिने माझ्या मनगटावर चापटी मारली. मी शिकले. मग घरी येऊन लसणाची फोडणी देऊन, डाळ घालून, माझी भाजी केली. रेवाने खाल्ली. "नाइस," ती म्हणाली. आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले म्हणून पुढे म्हणाली, "बट मकचिकचं बेटर, आई. सॉरी." खोटं बोलायची सवय मी तिला लावली नाही, त्याचं फळ मिळालं.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी कंद काढले. रेवा शाळेत. मी आणि मकचिक, दोघींनी मिळून बुंध्याला धरून झाड हलवलं, ओढलं, पावसाने माती भिजलेली होती म्हणून सुटलं. खाली दोन कंद मनगटाएवढे, बाकी सगळे बोटांसारखे. पाला ओरबाडल्याचा परिणाम. कुणी ओरबाडला ते दोघींना माहीत होतं, त्यामुळे कुणी बोललं नाही. मकचिक वाफ्याच्या कठड्यावर बसली, हातावरची माती झटकत राहिली, आणि एकदम म्हणाली, "रेवा मम्मी, आय जेलस यू, यू नो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"शाळा सुरू होऊन किती दिवस झाले? दोनदा आली फक्त. आणि सुट्टीतसुद्धा... मी सकाळपासून पाला निवडायची, कुटायची, तीन तास. ती जेवायची, हसायची. आणि साडेपाच वाजले की घड्याळ. मम्मी येईल आता. माझी मम्मी असं म्हणते, माझी मम्मी तसं करते. माझ्या घरात बसून! तुझ्या त्या गोड आमटीचं किती कौतुक ऐकायचं मी? मला राग यायचा. सहाला दार लावून मी एकटी भांडी घासायची."

तिचे डोळे भरले होते. चांगल्या बाईने काय केलं असतं? तिचा हात हातात घेतला असता. मीही घेतला, पण जरा उशिराने, कारण आधी मला झालेला आनंद मला लपवायचा होता. असा आनंद की पोटातून वर येत होता. गोड आमटी! पोरगी घरी आमटीचं नाव काढत नव्हती आणि तिथे जाऊन कौतुक करत होती! मी मकचिकचा हात धरून खाली मातीकडे बघत राहिले.

तेव्हापासून आमची मैत्री आहे असं लोक म्हणतात. मी त्याला काय म्हणावं ते मला अजून ठरवता येत नाही. आम्ही एकमेकींवर नजर ठेवून असतो, एवढं खरं. रेवा परीक्षेला जाताना आधी कुणाच्या पाया पडली, वाढदिवसाला तिने पहिला फोन कुणाला केला, हे दोघींनाही तोंडपाठ असतं. यंदा फेब्रुवारीत ती मेलबर्नला शिकायला गेली. विमानतळावर तिने मकचिकला मिठी मारली ती जास्त वेळ होती की मला मारली ती, यावर मी पुष्कळ विचार केला आहे.

काल खुडून आणलेला पाला आज दुपारी उकळत ठेवला होता, तेवढ्यात रेवाचा व्हिडिओ कॉल आला. केस कापलेत तिने. छान दिसते, थोडी बारीक झालीये. काय खातेस, मी विचारलं. तर तिचा चेहरा असा फुलला! तिच्या वर्गातल्या मैत्रिणीचं घर तिथेच आहे, मैत्रिणीची आई दर रविवारी तिला जेवायला बोलावते. "आई, शी इज सो स्वीट. ती पालकाचं काहीतरी करते, पातळ पापुद्र्यांत भरून, मी तीन पीस खाल्ले. शी सेज आय ॲम हर सेकंड डॉटर."

"अरे वा," मी म्हणाले. "छान."

फोन ठेवला. गॅस बंद केला. चपला न घालताच कॉरिडॉरमध्ये आले, दोन दारं सोडून मकचिकची जाळी वाजवली. आता गुडघे दुखतात तिचे, उघडायला वेळ लागतो. उघडलं तेव्हा माझं तोंड बघून घाबरली. "काय झालं? रेवा बरी आहे ना?"

मी सांगितलं. मैत्रिणीची आई. दर रविवारी. पालक. तीन तुकडे. दुसरी मुलगी.

मकचिकचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला, माझ्या ओळखीचा होता तो, आरशात पाहिलेला.

"पालक?" ती म्हणाली. "पालक तर कुणालाही येतो."

"तेच म्हणते मी."

तिने जाळी सताड उघडली, माझं मनगट धरून मला आत ओढलं आणि स्वतःच्या शेजारी खुर्चीवर बसवलं. "बस," ती म्हणाली. "नीट सगळं सांग. दिसते कशी ती बाई?"